विषयाला सोडून

‘विषयाला सोडून.’

लाल पेनानं, तिरक्या अक्षरात, चित्राच्या उजव्या कोपऱ्यात. खाली आणखी दोन शब्द, ‘प्रमाण चुकले’, आणि तिथून निघालेला बाण थेट चित्रातल्या एका माणसाच्या हातापर्यंत. पेन एवढा दाबला होता की कागद उलटा केला तरी बाण बोटाला लागत होता.

चित्र माझ्या भाचीचं. आठवीत आहे. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो. २०२३ साली त्या दिवशी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं, म्हणून २०२४ पासून तो पाळतात. शाळाशाळांतून निबंध, वक्तृत्व, चित्रकला. तिच्या शाळेत विषय दिला होता ‘माझ्या कल्पनेतील अंतराळ’. शाळेचं नाव मी घेणार नाही. हा लाल पेन काही एकाच शाळेत विकत मिळत नाही. पण विषयातला पहिला शब्द ध्यानात ठेवा, दोस्तहो. ‘माझ्या.’

पोरीनं काय काढलं होतं? काळं आभाळ. त्यात बटाट्यासारखा वेडावाकडा एक प्रचंड दगड, सगळा लोखंडाचा. दगडाच्या पोटात खड्डा. खड्ड्यात दहाबारा माणसं, हातात फावडी-घमेली, तोंडाला फडकी बांधलेली. काठावर शिट्टी तोंडात धरून मुकादम. एक बाई डबा घेऊन उभी, ती तिची आवस, म्हणजे माझी बहीण. आणि मधोमध एक हमाल. त्यानं एका तळहातावर गोण्यांची थप्पी उचललेली, थप्पी घराएवढी, आणि गडी हसतोय. लांब कोपऱ्यात पृथ्वी, शेंगदाण्याएवढी. रंगपेटीतला तांबडा संपला होता, म्हणून तिनं घरामागचा जांभा खरवडला, फडक्यातून गाळला, त्यात डिंक घातला आणि दगड रंगवला. बोट फिरवलं तर गंजाची खरखर लागत होती.

बाण त्या हसणाऱ्या हमालाच्या हाताला मारलेला.

निकालाच्या दिवशी मी अर्धी पाळी बुडवून शाळेत गेलो. व्हरांड्यात दोरीला चिमटे लावून चित्रं टांगलेली. एक बघितलं की सगळी बघितली. यान. यानाखाली तीन जिभांचा जाळ. पांढऱ्या पोशाखातला माणूस, हातात झेंडा. कोपऱ्यात कडं घातलेला शनी. मोबाइलवर एकानं शोधलं, चाळीस जणांनी उतरवलं. पहिल्या नंबरात चंद्रावरच्या यानाला एक भारतमाता आरती ओवाळत होती. तिला मात्र कुणी बाण मारला नव्हता. चंद्रावर हवा नाही, निरांजन पेटणार कसं, हे परीक्षकाच्या ध्यानात आलं नाही. ते प्रमाण बरोबर.

पोरांचा यात काय दोष? चित्र म्हणजे परीक्षा, हेच त्यांना शिकवलंय. एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला अ श्रेणी आली की दहावीला सात गुण जादा, ब ला पाच, क ला तीन. त्या सात गुणांसाठी कुणाचा बाप पोराला क्लास लावतो, कुणाचा बाप लावू शकत नाही. आणि ज्याला आभाळातून सात गुण काढायचे आहेत तो आभाळाकडे बघेल कशाला? तो परीक्षकाकडे बघणार.

पण परीक्षकाला शिव्या देऊन मी मोकळा होत नाही. आदल्या रात्री तिनं मला कच्चं चित्र दाखवलंन. मी दुसरी पाळी करून आलेलो, डोळ्यांत धूळ, पाठ गेलेली. मी म्हटलं, “अगं हमाल कशाला काढतेस तिथं? यान काढ, झेंडा काढ, नंबर येईल.” हे मी म्हटलं. मी, जो या मासिकात गोदीवरच्या घामाच्या कविता लिहितो आणि टाळ्या घेतो. ती म्हणाली, “यान तं टीवीवर दिसतंय, मामा. ह्यो दगड अजून कुनीच बगितलेला न्हाय.” मी कूस बदलून झोपलो. तेव्हा पहिला लाल पेन माझाच. सरांचा दुसरा.

आता तो दगड कुठला ते सांगतो, कारण तो खरोखरचा आहे.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरतायत, ग्रह होता होता राहून गेलेला माल. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यातल्या एकाचं नाव सायकी. १८५२ साली इटलीत नेपल्सच्या वेधशाळेतून अ‍ॅनिबाले दे गास्पारिस यांना तो सापडला. सगळ्यात रुंद जागी सुमारे २८० किलोमीटर. आपला रत्नागिरी जिल्हा मंडणगडापासून राजापूरपर्यंत उभा त्यात मावेल. खास गोष्ट म्हणजे त्यात धातू फार आहे, बहुतेक लोखंड आणि निकेल. आधी वाटायचं सगळा धातूचाच गोळा असेल. आताची मोजमापं सांगतात, धातू आणि दगड यांची मिसळ आहे. एखाद्या होऊ घातलेल्या ग्रहाचा हा फुटून उघडा पडलेला गाभा असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. आपल्या पृथ्वीच्याही पोटात लोखंडाचा गाभा आहे, पण तिथवर कुणी जाऊ शकत नाही. म्हणून १३ ऑक्टोबर २०२३ रोजी फ्लोरिडातून नासाचं एक यान या दगडाकडे निघालं. वाट ३६० कोटी किलोमीटरची. पोचायचं २०२९ च्या ऑगस्टात.

म्हणजे पोरगी खरं बोलत होती. यान तिथं पोचून फोटो पाठवत नाही तोवर सायकी जवळून कुणीच पाहिलेला नाही. मोठमोठ्या दुर्बिणींतून एक धुरकट ठिपका दिसतो, रडारवरून आकाराचा अंदाज केलाय. वर्तमानपत्रात जी चकचकीत चित्रं येतात ती सगळी चित्रकारांनी काढलेली. ही मोहीम अमेरिकेतली अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी चालवते. तिथं एक उपक्रम आहे, ‘सायकी इन्स्पायर्ड’. पदवीला असलेली मुलं घेतात, कुठल्याही शाखेची, चित्रकलेचीच पाहिजेत असं नाही. त्यांना आधी शास्त्र समजावून देतात आणि मग म्हणतात, आता करा तुम्हाला काय सुचतं ते. कुणी रंगवतं, कुणी घडवतं, कुणी गाणं करतं. न पाहिलेल्या दगडाची शेकड्यांनी रूपं. आणि ही चित्रं त्या मोहिमेचाच एक भाग म्हणून मांडली जातात.

अ‍ॅरिझोनातला पोरगा आणि कोकणातल्या बौद्धवाडीतली पोरगी, या एका दगडापुढे दोघं सारखी. दोघांनीही पाहिलेला नाही. असा विषय आमच्या पोरांना रोज मिळत नाही. ऐतिहासिक किल्ला काढा म्हटलं की किल्ला ज्याच्या आज्यानं पाहिला त्याची कथा आधीच लिहिलेली असते. सण काढा म्हटलं की सण कुणाचा हे ठरलेलं. इथं कागद पहिल्यांदाच कोरा होता, आणि त्या कोऱ्या कागदावर विषय म्हणजे काय हे ठरवायला लाल पेन आला.

आता ‘प्रमाण चुकले’ची गोष्ट. हिशोब मांडू या.

सायकीवरचं गुरुत्वाकर्षण चंद्राच्याही कितीतरी कमी. पृथ्वीवर पन्नास किलोची सिमेंटची गोणी तिथं किलोभराहून हलकी लागेल. मी चित्रातल्या गोण्या मोजल्या. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न गोण्यांचं ओझं तिथं इथल्या एका गोणीपेक्षा कमी भरतं. कसलेला हमाल एका हातावर एक गोणी क्षणभर तोलतो, मी तोललीय, पैज लावून. (ढकलायला आणि थांबवायला ती थप्पी तिथंही तेवढीच अवघड, कारण माल तेवढाच राहतो, फक्त वजन जातं. पण तिनं उचललेली दाखवलीय, ढकललेली नाही.) तिच्या विज्ञानाच्या बाईंनी तिला हे गणित वर्गात शिकवलं होतं आणि हिनं ते मनातल्या मनात धरून ठेवलं होतं. त्या बाईंना माझा जयभीम. तर प्रमाण कुणाचं चुकलं? अख्ख्या व्हरांड्यात ज्या एका चित्रात लघुग्रहाचं शास्त्र उतरलं होतं, बाण त्यालाच लागला. आणि हमाल हसत का होता, हे कळायला आयुष्यात एकदा तरी पाठीवर गोणी घ्यावी लागते.

मी लोखंड ओळखतो. शाळेत ते ‘धातू आणि अधातू’ या धड्यात भेटलं, गोदीवर ते नाकात भेटलं. ज्या बंदरावर मी जातो त्याचं नाव लिहीत नाही. ठेकेदाराला मासिकं वाचायची सवय नाही, पण मुकादमाला आहे. जहाजाच्या पोटातली खनिजाची माती क्रेनचा ग्रॅब चावे घेऊन काढतो. पण त्याचा जबडा कोपऱ्यात शिरत नाही, पत्र्याच्या कडांत शिरत नाही. शेवटचा थर राहतो. ग्रॅब जिथं पोचत नाही तिथं आम्ही. शिडीनं खाली उतरायचं, फावड्यानं कोपरे खरवडायचे, मधोमध ढीग करून द्यायचा. वरून आभाळाचा एक चौकोनी तुकडा दिसतो, आणि त्या तुकड्यातून मुकादमाचं डोकं. संध्याकाळी आंघोळीचं पाणी तांबडं जातं. भाचीनं हे कधी पाहिलेलं नाही. तिनं फक्त मोरीतलं पाणी पाहिलंय. तेवढ्यावरून तिनं दगडाचा खड्डा काढला, आणि खड्ड्याच्या वरच्या काठावर मुकादम बरोबर जागेवर बसवला.

या सायकीची एक किंमत वर्तमानपत्रांतून फिरते. एकावर एकोणीस शून्यं, डॉलरमध्ये. तो आकडा त्या मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ लिंडी एल्किन्स-टँटन यांनीच एकदा काढून दाखवला आणि त्याला काही अर्थ नाही हेही त्यांनीच सांगितलं : तो दगड आणायची सोय नाही, आणि आणलाच तर बाजारात लोखंडाची किंमत मातीमोल होईल. तरी बातम्या आकडाच छापतात. त्या बातम्यांतून खाण असते, कंपनी असते, मालक असतो. खणणारा माणूस नसतो. आठवीतल्या पोरीनं ती चूक दुरुस्त केली. तिचं म्हणणं एवढंच की लोखंड आहे तर कुणीतरी उतरवणार, आणि उतरवणाऱ्याला दुपारी डबा लागणार.

मला तर दुसऱ्या एका दगडाचं हसू येतं. बेन्नू. त्याचं नाव २०१३ साली अमेरिकेतल्या एका नऊ वर्षांच्या शाळकरी मुलानं सुचवलं आणि ते ठेवलं गेलं. नासाच्या यानानं २०२० च्या ऑक्टोबरात त्यावरची थोडी माती उचलली आणि २४ सप्टेंबर २०२३ ला युटाच्या वाळवंटात आणून टाकली. किती? १२१.६ ग्रॅम. अर्धपाव म्हणा. ती ठेवायला ह्यूस्टनला नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेट्या, हातमोज्याशिवाय शिवायचं नाही. एवढी माती आमच्या कानातून एका पाळीला निघते. थट्टा बाजूला ठेवतो. त्या अर्धपावात त्यांना जीव घडायला लागणारी रसायनं सापडली. माती तपासायची ठरवली की मातीत काय काय सापडतं, हे बघून मला बरं वाटलं. आमच्या फुप्फुसातली मात्र अजून कुणी पेटीत ठेवून तपासलेली नाही.

आता आभाळाविषयी, कारण आभाळ आमच्यासाठी कधी रिकामं नव्हतं.

माझी आजी सांगते, तिच्या लहानपणी ग्रहण लागलं की तिची आवस तिचं बोट धरून गावात निघायची. “दे दान, सुटे गिऱ्हाण.” सूर्यचंद्राला गिळणारे राहू-केतू म्हणे आमच्या जातीचे. ते वर सावकारी करतात, म्हणून खाली आम्हाला जुनेर आणि मूठभर दाणे टाकले की ते चंद्राला सोडतात. म्हणजे आभाळात आम्ही ग्रहांचा गळा धरणारे, आणि जमिनीवर विटाळ धरून लांबून टाकलेलं झेलणारे. याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ लिहिलं आणि नक्षत्रांवरून वेदांचं वय काढलं. एकाच आभाळाखाली एकाला वेद सापडला, दुसऱ्याला भाकर मागायची वेळ. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या वाडीनं ते दान मागणं टाकलं. आजी म्हणते, पहिल्या ग्रहणाला गावातल्या बाया घराच्या पायरीवर सूप घेऊन थांबल्या, आमच्यातलं कुणी गेलं नाही, आणि ग्रहण आपलं आपण सुटलं. शास्त्राचा एवढा मोठा प्रयोग आमच्या तालुक्यात दुसरा झाला नसेल.

आणि ज्यांच्या हातात यान आहे त्यांचं काय? चांद्रयान-३ उडायच्या आदल्या दिवशी इस्रोचे शास्त्रज्ञ यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले. यान उतरलं त्या जागेला नाव मिळालं ‘शिवशक्ती’. आरती ओवाळणारी भारतमाता पोराच्या डोक्यात कुठून आली, हे विचारायला नको.

लोणार घ्या. बुलढाणा जिल्ह्यातलं ते गोल सरोवर, त्याचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. काळ्या बेसाल्टमध्ये आभाळातून दगड आपटून झालेला खड्डा; आपटलेल्या खडकांवर जे परिणाम दिसतात ते चंद्रावरच्या विवरांशी ताडून पाहायला जगभरचे अभ्यासक तिथं येतात. पण गावात गोष्ट काय? लवणासुर नावाचा दैत्य होता, त्याला विष्णूनं मारलं, त्याचा हा खड्डा. शेजारी दैत्यसूदनाचं देऊळ. आभाळातून येऊन आपटला तो दगड, आणि मेला कोण? असुर. दगडाचाही गुन्हा आमच्या खात्यावर. काटोलला २२ मे २०१२ रोजी भर दुपारी उल्कांचा वर्षाव झाला, लोकांनी तुकडे गोळा केले, प्रयोगशाळेत गेले. तिथं मात्र कुणी असुर मारला नाही. अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या दोन जागा, दोन्ही आपल्याच महाराष्ट्रात. पोरांना दोन्ही दाखवा आणि म्हणा काढा.

इथं मला आपल्यातलाच एक मित्र थांबवतो. चळवळीत माझ्या आधीपासून आहे, लाठ्या खाल्ल्यात, त्याचा मान ठेवून लिहितो. तो म्हणाला, “वाडीत नळाला पाणी नाही, पोरांची शिष्यवृत्ती अडकलीय, खैरलांजी विसरलास काय? आणि तू धोंडे रंगवत बसलास. हासुद्धा विषय सोडूनच.” बघा, तेच शब्द.

त्याला मी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. आपण पँथर हे नाव १९७२ साली तिथल्या काळ्या बांधवांकडून घेतलं, तर त्यांची ही गोष्टही आपली. १९६९ चा जुलै. माणूस पहिल्यांदा चंद्रावर निघालेला. उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलैला, मार्टिन ल्यूथर किंगचे सोबती राल्फ अ‍ॅबरनॅथी गरीब काळी कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन तळावर धडकले. चंद्राला पैसा आहे, पोराच्या पोटाला नाही, हा सवाल. नासाचे प्रमुख थॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटले. बटण न दाबल्यानं गरिबी जात असती तर आम्ही दाबलं नसतं, अशा अर्थाचं बोलले. अ‍ॅबरनॅथींनी सवाल मागे घेतला नाही. पण त्यांनी आपल्या माणसांसाठी उड्डाण बघायला जागाही मागितली, आणि ती मिळाली. मला त्यांची ही दुसरी मागणी फार आवडते. भूक घेऊन आलेली माणसं चांगल्या जागेवर बसून रॉकेट बघतायत.

मित्र म्हणाला, ते अमेरिका झालं. मग मी रोहितचं नाव घेतलं. रोहित वेमुला, हैदराबाद विद्यापीठ, १७ जानेवारी २०१६. त्यानं मागे ठेवलेल्या पत्रात लिहिलंय की त्याला लेखक व्हायचं होतं, कार्ल सेगनसारखा विज्ञानाचा लेखक. त्याचीही शिष्यवृत्ती अडकलेलीच होती. आपण त्याचे मोर्चे काढले, पोस्टर काढली, घोषणा दिल्या, मीही दिल्या. पण त्याला ताऱ्यांवर लिहायचं होतं, हे किती पोस्टरांवर होतं? त्याचा मृत्यू आपण विषय मानला. त्याचं आभाळ विषयाला सोडून ठरवलं. मित्र गप्प बसला. मीही गप्प बसलो. हे लिहितानाही गप्पच आहे.

आपली रत्नागिरी जिल्हा परिषद गेल्या काही वर्षांत तिच्या शाळांतली निवडक मुलं इस्रो आणि नासा दाखवायला नेते. खेड्यातल्या मास्तरांच्या शाळेतली पोरं विमानात बसली. चांगलंच केलं, आणि मी ते नाक मुरडून म्हणत नाही. फक्त माझी एक शंका आहे. परीक्षा घेऊन निवडलेली पोरं जातील, बघतील, परत येतील, सत्कार होतील. निवडीत न बसलेल्या पोरांनी काय करायचं? त्यांच्याकडे कागद आहे. आणि त्यांच्याकडे जांभा आहे.

जांभ्याची गोष्ट राहिली. माझा बापूस चिरेखाणीवर होता. जांभा लाल का, तर त्यात लोखंड आहे आणि ते गंजलंय. मंगळ लाल का, तर त्याचंही तेच. दहा रुपयांच्या रंगाच्या ट्यूबमध्ये जो मंगळ मिळत नाही तो आमच्या घरामागे फुकट पडलाय. याच जांभ्याच्या सड्यावर, रत्नागिरी, राजापूर, लांजा तालुक्यांत, हजारो वर्षांपूर्वीच्या कुणी माणसांनी कातळ कोरून ठेवलाय : हत्ती, मासे, माणसं, आणि काही अशा आकृत्या की अजून कुणाला उलगडा नाही. कशेळीचा हत्ती तर जमिनीवर उभं राहून नीट दिसतच नाही, वरून बघावा लागतो. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ही कातळशिल्पं गेली. जगभरचे लोक बघायला येतात. त्या हत्तीच्या कोपऱ्यात ‘प्रमाण चुकले’ लिहायला तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून तो राहिला.

मागायचं काय, तर एक तारीख सांगतो. ती कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

अपोफिस नावाचा एक लघुग्रह आहे. २००४ साली सापडला, साधारण साडेतीनशे मीटर व्यासाचा. सुरुवातीला शास्त्रज्ञांना वाटलं, आपटतो की काय. नंतर मोजून मोजून खात्री झाली की निदान शंभर वर्षं तो आपटत नाही. पण २०२९ साली तो पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहे, सुमारे ३२,००० किलोमीटरवरून. टीव्हीचे उपग्रह याच्याहून लांब असतात. कित्येक देशांतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. जगात तारीख देतात १३ एप्रिल, कारण तिकडे तेव्हा १३ असेल. आपल्या घड्याळात तो सर्वात जवळ येतो पहाटे तीन वाजून सोळा मिनिटांनी. १४ एप्रिल.

मी दोनदा मोजलं. तुम्हीही मोजा. बाबासाहेबांच्या जयंतीची पहाट. बारा वाजता विहारात मेणबत्त्या लागलेल्या असतील, केक कापून झाला असेल, पोरं निळा झेंडा घेऊन अजून रस्त्यावर असतील, आणि एक डोंगराएवढा दगड हिंदी महासागरावरून आफ्रिकेकडे, तिथून अटलांटिककडे निघालेला असेल. यात काही संकेत-बिंकेत नाही. असं म्हणायला लागलो तर पंचांगवाल्यात आणि माझ्यात फरक काय? दगडाला जयंती ठाऊक नाही. पण चॅनेलवाले ज्योतिषी त्या आठवड्यात काय काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. नावही त्यांच्या सोयीचं : अपोफिस म्हणजे इजिप्तच्या पुराणातला सर्प, उजेडाचा वैरी. शांती करा, दान करा. कुणाला दान, ते पुन्हा ठरलेलं. नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांची आठवण काढली होती. सर्पाला वैरी कोण म्हणतं, हेही पोरांना विचारता येईल.

म्हणून त्या तारखेच्या आधी, वाडीवाडीतून, झोपडपट्टीतून, वसतिगृहांतून हा दगड काढला गेला पाहिजे. परीक्षक नको, नंबर नको, प्रमाणपत्र नको. विज्ञानाच्या एका चांगल्या बाईंना आधी बोलवा, दगड म्हणजे काय ते तासभर समजून घ्या, मग कागद वाटा. रंग नसेल तर कोळसा, हळद, जांभा. तुमच्याकडे जी माती असेल ती. चित्रं आमच्याकडे पाठवा. या अंकाची मागची चार पानं आम्ही त्यासाठी ठेवू म्हणतो. संपादक कुरकुरतोय, छपाईचे पैसे नाहीत, रंगीत तर शक्यच नाही. जांभा काळापांढरा छापला तर काय राहणार, हा त्याचा मुद्दा बरोबर आहे. बघू. जयंतीला मंडपाच्या कनातीला टांगता येतील.

तारीख सांगितल्यावर भाचीनं बोटांवर वर्षं मोजलंन. तेव्हा ती कॉलेजात असेल. मग थोडा वेळ काही बोलली नाही. लाल बाण मारलेला कागद तिनं फाडला नव्हता, उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं नवीन काहीतरी सुरू केलं होतं. बाणाचा उठाव तिनं तसाच ठेवून त्याचं धूमकेतूचं शेपूट करून टाकलं होतं.

मग विचारलंन, “मामा, त्या राती आपल्या वाडीतली जयंतीची लायटिंग अर्धा तास बंद ठेवतील काय रे? न्हायतर आभाळ दिसायचा न्हाय.”

मी म्हटलं, कमिटीला विचारून बघतो. कमिटीत माझं कोण ऐकतंय, पण विचारून बघतो.